अठ्ठेचाळीस खण

आई, तुला वाचता येत नव्हतं. हे मला गेल्या मंगळवारी कळलं, तुला जाऊन बावीस वर्षं झाल्यावर, आणि तेही तिकोणा पेठेतल्या एका परक्या बाईमुळे. अजून मन थाऱ्यावर नाही. पोटच्या पोरीला हे कळू नये? एका खोलीत वाढले, तुझ्या ताटात जेवले, आणि वर गावभर हुशार म्हणून मिरवले.

झालं असं. मी आता वेबसाइट बनवते. कुठल्या पानावर काय असावं, कुठलं बटण कुठे असावं, हे आधी कागदावर आखायचं आणि मग उभं करायचं, असं काम. तिकोणा पेठेतल्या काही बायकांनी गावामागच्या गडावर येणाऱ्यांसाठी राहायच्या खोल्या आणि जेवण सुरू केलंय, त्यांचं काम माझ्याकडे आहे. पाहुण्यांची मागणी आली की स्वयंपाक बघणाऱ्या काकू फोनवर 'होकार' किंवा 'नकार' दाबतात. महिनाभर त्यांनी एकही चूक केली नाही. मग मला शहाणपण सुचलं. पान नेटकं दिसावं म्हणून मी दोन्ही बटणं एकाच रंगाची केली आणि त्यांच्या जागा बदलल्या. वर ठळक लिहिलेलं होतंच, मला वाटलं तेवढं पुरे. त्या रविवारी काकूंनी झाडून सगळ्यांना नकार कळवला. चाळीस माणसांचं सामान आणून ठेवलेलं, आणि जेवायला कुणी नाही. मंगळवारी मी गेले तेव्हा काकू ओट्याकडे तोंड करून उभ्या होत्या. मी फोन पुढे धरला, म्हटलं, "काकू, हे बघा, इथे नकार लिहिलंय." त्यांनी बघितलंसुद्धा नाही. "चष्मा घरी ऱ्हायला माजा," म्हणाल्या, "तुमीच वाचा." त्यांची सून मला बाहेर घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, "ताई, त्यास्नी वाचता येत न्हाई. जाग्यावरनं वळखत्यात. कुनाला बोलू नका, लय लागतं त्यांना."

मी गाडीत येऊन बसले. चष्मा! आई, तुला चष्मा होता कुठे? उभ्या जन्मात तुझ्या नाकावर मी तो बघितला नाही, तरी तो कायम घरी राहिलेला असायचा. बँकेत, दवाखान्यात, माझ्या शाळेत. घरी असलीस की दुकानात राहिलेला असायचा. आकडे मात्र तुला पक्के येत होते. त्यांच्यावरूनच तू माझं प्रगतिपुस्तक बघायचीस, "गणितात दोन कुटं सांडलं गं?" म्हणून कान पिळायचीस आणि झोकात सही ठोकायचीस. कोणाला शंका येणार? मला तर मुळीच आली नाही, कारण मला तुझ्याकडे नीट बघायला सवड नव्हती.

मग दुकान आठवलं. कुसगावातलं आपलं हार्डवेअरचं दुकान, बाबा गेल्यावर तू एकटीने चालवलेलं. तुझ्या पाठीमागे ते लाकडी कपाट, सहा ओळी, ओळीत आठ, अठ्ठेचाळीस खण. आठवीच्या सुट्टीत तू दोन दिवस लग्नाला जातेस आणि किल्ली माझ्याकडे देतेस. मला वाटतं, आईला चकित करावं. स्क्रू इथे, खिळे तिथे, नळाचा जोड भलतीकडेच, ही काय रीत झाली? मी सगळे खण उपसते, बाराखडीच्या क्रमाने लावते आणि प्रत्येकावर नावाची चिठ्ठी डकवते. तू परत येतेस, तोच एक प्लंबर नळाचा अर्ध्या इंचाचा एल्बो मागतो. तू न बघता हात मागे नेतेस आणि खण ओढतेस. आत बिजागऱ्या. दुसरा ओढतेस, वॉशर. तिसरा, चौथा. प्लंबर हसतो, "काय वहिनी, सोताचंच दुकान इसरला का?" आणि मी मोठ्या रुबाबात म्हणते, "आई, वर लिहिलंय की!" तू वळतेस आणि माझ्या कानाखाली वाजवतेस. तू मला मारलंस ते तेवढंच. नंतर दोन दिवस एकेक खण रिकामा करून तू सगळं पूर्ववत लावलंस. मी मदतीला आले तर म्हणालीस, "हात लावू नगं." अडाणी हट्ट, असं मी तेव्हा मनात म्हटलं होतं. आता तो शब्द आठवला की अंगावर काटा येतो.

गणिताचा नाद अजून आहे मला, फावल्या वेळात काहीबाही सोडवत बसते. अठ्ठेचाळीस खण किती तऱ्हांनी लावता येतील, हे मी कॉलेजात असताना गंमत म्हणून काढलं होतं. बासष्ट आकडी संख्या येते. एवढ्या सगळ्यांतली एकच मांडणी तुझी होती. जास्त खपणारं हाताच्या उंचीला, जे बरोबर मागतात ते शेजारी शेजारी, कडीजवळ कुलूप, नळाजवळ त्याची टेप. आज मी लोकांना हेच समजावून सांगते, वापरणाऱ्याचा हात कुठे जातो ते आधी बघा म्हणून. आणि काकूंचा हात कुठे जातो ते बघायला मीच विसरले.

हे सगळं एक वेळ सोसलं असतं. पण गाडीत बसल्या बसल्या मला ते पत्र आठवलं. पुण्याच्या होस्टेलवरून तुला लिहिलेलं. मला गणिताचं बक्षीस मिळणार होतं म्हणून तू दुकान बंद करून आलीस, आणि तासभर कॉलेजात भटकून भलत्याच सभागृहात, भलत्याच कार्यक्रमाला जाऊन बसलीस. माझ्यापर्यंत पोचलीस तेव्हा खुर्च्या उचलत होते. मैत्रिणी तोंडाला रुमाल लावून हसल्या. मी तुला लिहिलं, "पुन्हा इथे येऊ नकोस. मला लाज वाटते. जागोजागी एवढ्या मोठ्या पाट्या होत्या, वाचता येत नाही का तुला?" त्यानंतर तू कधी आली नाहीस, पदवीच्या दिवशीसुद्धा नाही. तू रुसलीस असं मी ठरवून टाकलं आणि मीही रुसून घेतलं.

ते पत्र तुला कोणीतरी वाचून दाखवलं असणार. दुकानाशेजारच्या शिलाईवाल्या मावशींशिवाय कोण? मी तडक कुसगावला गेले. मावशी आता थकल्यात, पण डोकं लख्ख आहे. मी दारातच विचारलं. त्यांनी मला आत नेऊन बसवलं.

"तुजी समदी पत्रं मीच वाचली," म्हणाल्या. "उत्तरंबी मीच लिवली. तिनं शपत घातलीती, पोरीला कळू द्यायचं न्हाई."

"आणि ते पत्र?"

"त्या वळीपाशी मी थांबले. म्हनलं, बास, संपलं पत्र. तर म्हनली, संपलं तर तुज्या डोळ्याला पानी कशाला आलं? वाच."

"वाचलंत?"

"वाचलं. काय करनार?"

"काय म्हणाली ती?"

"काय न्हाई. कागद घेतला हातातनं, त्यावरनं बोट फिरीवलं. मग इचारलं, अक्षर कसं हाय गं तिचं? मी म्हनलं, लय सुरेख हाय. तशी हसली. गेली दुकान उघडायला."

मला तिथेच रडू फुटलं. म्हटलं, "मावशी, लहान होते हो मी. रागाच्या भरात लिहून गेले." त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, म्हणाल्या, "तिला ठावं हुतं गं."

आई, हे लिहून मी कुठे पाठवणार? मावशींना वाचायला द्यायची तर हिंमतच नाही, कारण मी त्यांच्याशी खोटं बोलले. मी लहान नव्हते, एकोणीस वर्षांची होते. आणि रागाच्या भरातही लिहिलं नव्हतं. ते पत्र मी आधी कच्चं लिहिलं, दोन दिवस खोडलं, सुधारलं, कुठला शब्द जास्त लागेल ते बघितलं, आणि मग कोऱ्या कागदावर सावकाश उतरवून काढलं. अक्षर त्यामुळे सुरेख आलं होतं.