तिबेरियाच्या सुईणीची वरची खोली

मी, बुलिसा दानोन, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, व्यवसाय सुईणपण, राहणार तिबेरिया, जुनी वस्ती, तळ्याकाठचे दुमजली घर, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय माझी इच्छा लिहून ठेवीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. सकाळी दोन तळलेले मासे खाऊन आणि शेजारणीशी भांडून मी या कामाला बसले. याहून वेगळा पुरावा वकील बेखोर यांना हवा असेल, तर त्यांनी माझ्याशी पत्त्यांचा एक डाव खेळावा.

१. मला माझे पती निसीम यांच्या शेजारी पुरावे, पण मध्ये थोडी जागा सोडून. चाळीस वर्षे त्यांनी मला पलंगाच्या कडेला ढकलले आहे. नंतर सर्वांना कॉफी आणि बडीशेपेची बिस्किटे द्यावीत. रडणाऱ्यांना शेवटी.

२. माझी चुलत बहीण व्हिक्टोरिया हिला मिठाची मोठी बरणी, भरलेली. माझा मासा खारट असतो असे ती तीस वर्षे सांगत आली आहे आणि तीस वर्षे दुसऱ्यांदा वाढून घेत आली आहे.

३. पितळी घंगाळ, कात्र्या आणि बाळाचे ठोके ऐकायची लाकडी नळी ही सर्व हत्यारे हियाम सय्याद हिला. ती इथल्याच दवाखान्यात परिचारिका आहे. तिचा हात हलका आहे, जीभ तिखट आहे. या कामाला दोन्ही लागतात.

४. घराचा खालचा मजला आणि लिंबाच्या झाडासह अंगण माझा पुतण्या रफाएल दानोन, इतिहासाचा शिक्षक, राहणार हैफा, याला.

५. घराची वरची खोली, सज्जा आणि स्वतंत्र जिना कायमच्या मालकीने वरील हियाम हिला. ती रोज पहाटे नाझरेथहून बसने येते. या गावात तिने अकरा घरी भाड्याने खोली मागितली. नाव सांगितले की खोली आधीच गेलेली असे.

या कलमावर रफाएलने हरकत घेतली, तीही नोंदवते.

"काकू, लोक काय म्हणतील? एका अरब मुलीला घर?"

"लोकांना मी जन्माला घातलंय. काय म्हणायचंय ते माझ्यासमोर म्हणू देत."

"अगं, पण हे वैर हजारो वर्षांचं आहे. मी शिकवतो ना वर्गात."

"तू शिकवतोस. मी तिथं होते."

म्हणून पुढचे कलम लांब आहे. वकिलांनी ते कापू नये.

६. माझ्या लहानपणी तुर्कांचे राज्य होते. तेव्हा सगळे गोड होते असे मी म्हणणार नाही. यहुद्याला जरा दबूनच राहावे लागे. पण भांडण गल्लीत होई आणि गल्लीतच मिटे. मग युरोपात मार खाल्लेले आमचे लोक जहाजे भरभरून आले. त्यांना परत जायला जागा उरली नव्हती, हे मी त्यांच्या बायकांच्या उशाशी बसून ऐकले आहे. त्यांनी खोऱ्यातली जमीन बैरूतच्या मालकाकडून घेतली. त्याने ती कधी नांगरली नव्हती. जे पिढ्यान्‌पिढ्या नांगरत होते त्यांच्याकडे कागद नव्हता. अशाच एका घरातली सून नवव्या महिन्यात गाड्यावर सामान लादून निघाली होती. तिलाही मीच मोकळी केली, रस्त्याच्या कडेला. वरून इंग्रजांनी अरबांना एक वचन दिले, आम्हाला दुसरे, आणि भूमी तर एकच. मग दंगे झाले, दोन्हीकडची माणसे मेली. दोन्हीकडचे लोक भ्याले आणि भीतीपोटी बंदुका घेऊ लागले. रफाएल, हे युद्ध माझ्या डोळ्यांदेखत सुरू झाले. म्हणून ते संपूही शकेल असे मला वाटते.

आता तुला न सांगितलेली गोष्ट. छत्तीस साली अरबांचा संप होता, रस्ते बंद होते. मी डोंगरापलीकडच्या गावात अडकले असताना तुझ्या आईला कळा सुरू झाल्या. माझी सुईणपणातली जोडीदारीण नजला, हियामची आजी, पिशवी घेऊन निघाली. आधी तिच्या लोकांनी अडवले, मग आमच्या. दोघांनाही ती म्हणाली, "बाळ निघालंय. त्याला संप समजावून सांगायचाय का? चला मग, या बरोबर." तुझ्या गळ्याला नाळेचे दोन वेढे होते, तू निळा पडला होतास. तिने तुला उलटा धरून असा रडवला की चौकीवरचे शिपाईसुद्धा हसले म्हणतात.

हे मी लपवले, कारण तू विचारले असतेस, ती बाई आता कुठे आहे? अठ्ठेचाळीसच्या एप्रिलमध्ये लढाई झाली आणि इंग्रजांच्या गाड्यांनी इथल्या अरबांना नेले. नजला रस्त्यात उभी राहून माझ्या खिडकीकडे बघत होती. मी झडपेआड होते. खाली उतरले नाही. आमच्याच लोकांना भ्याले.

वर्षभराने बस धरून नाझरेथला गेले, घर शोधले. तिने दार उघडले, मला खालपासून वरपर्यंत पाहिले.

"वर्ष लागलं तुला जिना उतरायला?"

"हो."

"जेवलीस?"

"नाही."

"मग आत ये. आधी जेव, मग मी तुला शिव्या घालते."

तिने दोन्ही केले, पोटभर. मग आम्ही इतक्या हसलो की तिचा नवरा घाबरून आत आला. तेव्हापासून आमची दर गुरुवारची भेट चुकलेली नाही. तिच्या इथल्या घरात आज दुसरे लोक राहतात. ते तिला परत देणे माझ्या हाती नाही. जे माझे आहे, त्यातून देते.

७. पुरवणी, सहीच्या वेळी जोडलेली. वरील मजकूर रफाएलने स्वतः वाचला. मग तो नजलापुढे जाऊन उभा राहिला. ती कोपऱ्यात बसून माझी बिस्किटे संपवत होती.

"तुम्हीच का त्या?" त्याने विचारले.

"तेव्हा केस जास्त होते तुला," ती म्हणाली.

दुसरा साक्षीदार म्हणून शेजारीण मझाल येणार होती. ती लग्नाला गेली. रफाएल म्हणाला, "मी करतो सही."

वकील बेखोर यांनी त्याला समजावले, "साहेब, साक्षीदाराला या मृत्युपत्रातून काही मिळत नाही. तुमचा खालचा मजला जाईल."

"कायदा मला ठाऊक आहे," रफाएल म्हणाला. "मजला हियामलाच लिहा. एका घराला दोन मालक कशाला?"

त्यानुसार कलम चार रद्द समजावे आणि संपूर्ण घर, अंगणासह, हियाम हिचे समजावे. हियाम हे ऐकून रडली. कलम एकप्रमाणे तिला कॉफी शेवटी दिली.

हे मृत्युपत्र मला वाचून दाखवले, मला ते पटले, आणि मी आनंदाने सही करीत आहे.

बुलिसा दानोन (सही)

साक्षीदार:
१. मुराद काल्देरोन, मासेमार (सही)
२. रफाएल दानोन, शिक्षक. याच गावी जन्म, नजला सय्याद यांच्या हातून. (सही)

तिबेरिया, दिनांक ४ मे १९७२, गुरुवार