बाद केलेला फोटो

बाबा,

तीन महिन्यांपूर्वी लॅबमध्ये निरोगी डोळ्यांचा नमुना म्हणून मी तुमच्या डोळ्यांतल्या रक्तप्रवाहाचे फोटो काढले होते. डाव्या डोळ्यात, दृष्टीच्या नसेपाशी, प्रवाह कमी दिसला. "तुम्ही हललात," म्हणून मी तो फोटो बाद केला. "अगं, श्वाससुद्धा रोखला होता मी!" तुम्ही म्हणालात. मी हसले.

काल तो पुन्हा पाहिला. हलला असतात तर रक्तवाहिन्या दुहेरी दिसल्या असत्या. एकही तशी नाही. आणि डावीकडचा कप सांडलात की मी तुम्हालाच वेंधळे म्हणत होते.

तोंडावर सांगायचा धीर झाला नाही. फोटो आणायला गेलेय. आज अकरा वाजता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय, न्यायला येते. स्कूटर काढू नका.

चहा उजवीकडे ठेवलाय.