चक्रधर झा यांच्या चालू घडामोडी

३ जानेवारी, सकाळी ६.१०
कलेक्टरकीच्या परीक्षेचा शेवटचा अटेम्प्ट. सहावा. आधीचे पाच मी सरावात धरतो. परीक्षेचा स्वभाव कळायला तेवढे लागतातच. ऑक्टोबरात बत्तीस पूर्ण, त्यामुळे पुढे दार बंद. गरजही पडणार नाही.
यंदा निर्णय पक्का. चालू घडामोडींच्या नोट्स स्वतः काढायच्या. दोन पेपर, रोजच्या रोज, स्वतःच्या अक्षरात. आम्हा परीक्षार्थींचं हे आख्खं राजेंद्रनगर कोचिंगवाल्यांची छापील मासिकं चघळत बसलेलं असतं. दुसऱ्याने चावून दिलेला घास. शी.
पाच रंगांच्या शाया आणल्या. राज्यघटना निळी, पर्यावरण हिरवं, परराष्ट्र लाल, अर्थकारण तपकिरी, विज्ञान जांभळं.

३ जानेवारी, सकाळी ११.४०
समास आखून झाले. पहिलं पान वाचलं. थकवा अजिबात नाही, पण उरलेलं उद्या ताज्या डोक्याने.

९ जानेवारी
रूममेट मनजीत धनखड. गाव झज्जर, वय चोवीस, अटेम्प्ट दुसरा. ह्या प्राण्याने आज माझ्या संपादकीय पानावर पायाची नखं कापली. म्हटलं, अरे, त्यावर नदीजोडचा लेख आहे! तर म्हणतो, "झा सर, पेपर चार तारखेचा आहे. एव्हाना जोडल्या असतील नद्या."
ह्याच्या हातात उद्या जिल्हा देणार!
ह्याचा अभ्यास म्हणजे काय? एक मासिक घ्यायचं, तीनदा वाचायचं, भिजवलेले हरभरे खायचे, दहाला झोपायचं. हा अभ्यास नव्हे, रवंथ आहे. हरभऱ्यांच्या पाण्याचा वास माझ्या उशीपर्यंत येतो.

२ फेब्रुवारी
मधुबनीहून बाबूजींचा फोन. पोस्टातून रिटायर झाल्यापासून त्यांना चर्चेला माणूस लागतो. विचारलं, बजेट कसं वाटलं? म्हटलं, अजून आलेलं नाही. म्हणाले, "कालच येऊन गेलं की रे बौआ."
मी अकरा जानेवारीवर आहे, हे पोस्टातल्या माणसाला कसं समजावणार? म्हटलं, सखोल वाचल्याशिवाय मी मत देत नाही. त्यांना पटलं. आई मागून ओरडत होती, नीट जेवतो का विचारा त्याला.
टिफिनात सलग सहाव्या दिवशी दुधी. फिकट, गिळगिळीत. झाकण उघडलं की भूक मरते.

१९ फेब्रुवारी
वहीची पद्धत मुळातच चुकीची. सुटे कागद हवेत, म्हणजे विषयवार लावता येतात. जानेवारी पुन्हा पहिल्यापासून उतरवतोय. ह्याला मागे पडणं म्हणणाऱ्यांची मला कीव येते.
रामसर यादीतल्या पाणथळ जागांचं पान आज पूर्ण. कोपऱ्यात एक बगळा काढला. दीड तास लागला, पण बगळा बोलतो.
मनजीत बराच वेळ बघत उभा होता. म्हणाला, "सर, तुम्ही नोट्स काढत नाही, रांगोळी घालता." आणि लगेच, "एकदा द्या की, झेरॉक्स मारतो." मत्सर झाकायची ही पद्धत. दिल्या.

११ मार्च
लायब्ररीत शेजारच्या केबिनमधल्या मुलीपुढे माझा बगळा! माझं अक्षर, माझे समास! विचारलं, हे कुठलं? म्हणाली, "सेठीकडे मिळतं. टॉपरच्या नोट्स आहेत."
तसाच तडक सेठीच्या झेरॉक्सच्या दुकानात. मनजीतच्या प्रती काढताना ह्या माणसाने स्वतःसाठी एक संच ठेवून घेतला होता! चांगला झाडला त्याला. तो मशीनवरून मानही न उचलता म्हणाला, "तापू नका सर. मोत्यासारखं अक्षर. पोरं विचारतात कुणाचं. काय सांगू, मागच्या गल्लीत राहतो आणि पाच वेळा उडालाय?"
मग काय सांगतोस?
"देशात चौदावा."
निर्लज्ज. असत्याची मला लहानपणापासून शिसारी आहे. तसं त्याला स्पष्ट सांगणार होतो, पण गर्दी होती. चौदा आकडा मात्र बरा निवडलाय. पहिला-दुसरा सांगितला असता तर संशय आला असता.

२ एप्रिल
लायब्ररीतल्या त्या मुलीचं नाव इप्सिता मोहंती. राउरकेलाची. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी रोज पाचला चहाच्या टपरीवर भेटतात. सर, स्ट्रॅटेजी सांगा. सर, दिवसाचं टाइमटेबल सांगा. मी एक अक्षर खोटं बोललेलो नाही. रँकचा विषय निघाला की नुसता हसतो.
आज दोन तास दिले. म्हटलं, घाई नको, आणि त्या छापील मासिकांना हातसुद्धा लावू नका. तिघी माना डोलवत होत्या. वेळ जातो खरा, पण पुढे प्रशासनात हेच करायचंय.
नोट्स: २४ जानेवारी.

१६ मे, दुपारी
परीक्षा बारा दिवसांवर. कूलर गळतो. खोलीला ओल्या कुत्र्याचा वास, त्यात मनजीतचे मोजे.
तो रोज एक मॉक पेपर सोडवतो. मी त्या फंदात पडत नाही. मॉकमध्ये चुका होतात आणि आत्मविश्वास जातो.
२९ जानेवारी पूर्ण. फेब्रुवारी ते मे ह्या काळात, बारकाईने पाहिलं तर, जगात विशेष काही घडलेलं नाही.

२८ मे, संध्याकाळी ७
पेपर काढणाऱ्याची लायकी कळली.
रामसरवर प्रश्न आला! अख्खं पान डोळ्यांपुढे उभं राहिलं. हिरवी शाई, उजवा कोपरा, बगळा, बगळ्याची पिवळी चोच. विचारलेली जागा कोणत्या राज्यात, तेवढं आठवेना. चोच पुन्हा पुन्हा आठवत राहिली. शेवटी अंदाजाने गोल काळा केला.
एकंदरीत बरा गेला. बाकीच्यांना वाईट गेला असेल तर माझं नक्की.

१२ जून
प्रीलिम्सच्या निकालाची पीडीएफ. माझ्या फोनवर नीट उघडली नसावी म्हणून मनजीतच्या फोनवर पाहिली. मग लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर.
त्याचा नंबर होता. इप्सिताचाही.
मनजीत खोलीतून उठला. चप्पल घालून खाली गेला. गल्लीतून एक आरोळी ऐकू आली, झज्जरपर्यंत गेली असेल. परत येऊन हळूच विचारलं, सर, चहा घेणार? नको म्हटलं. घेतला.
बाबूजींना सांगितलं, दोन मार्कांनी गेलं. ते म्हणाले, "दोनच? मग आयोगाला अर्ज टाक. मी मसुदा करून देतो." उत्तरतालिका जुळवून पाहिली तर दोन नव्हेत. दोनावर बरेच.
पण एक गोष्ट शाबीत झाली. माझ्या नोट्सवर एक सोडून दोघं पास झाले.

१३ जून, सकाळी
इप्सिता पेढे घेऊन आली. एरवी असल्या सरकारी चेहऱ्याच्या पेढ्यांकडे मी बघत नाही. एक खाल्ला. म्हटलं, आला ना शेवटी जानेवारी कामाला?
तिने मनजीतकडे पाहिलं. मनजीतने पेढ्यांच्या खोक्याकडे.
"सर, खरं सांगू?" ती म्हणाली. "आम्ही मासिकंच वाचली. तुमच्या नोट्स जानेवारीच्या पुढे सरकतच नव्हत्या. पण बघायला छान वाटायचं."
हे ऐकून मी ताठ बसलो. विचार केला, आता माणूस म्हणून आपणच पुढे व्हावं. म्हटलं, त्या चौदाव्या नंबराबद्दल मला काही सांगायचंय.
"ते मार्चपासून माहीत आहे, सर. मनजीतने पहिल्याच आठवड्यात सांगितलं."
मग रोज टपरीवर कशाला यायचात?
तिने खोक्याचं झाकण लावलं. म्हणाली, "तुम्ही एकटेच बसलेले असायचात."
खोलीत भयंकर उकडत होतं.
जाता जाता म्हणते, एक काम होतं. थोरल्या बहिणीचं लग्न आहे. इप्सिताने बाबांना माझ्या अक्षराचा फोटो पाठवला होता, त्यांना फार आवडलं. ते कलेक्टर कचेरीत कारकून. पत्रिका इथेच छापल्यात, पाकिटांवर पत्ते हाताने लिहायचेत. दोनशे.
अंगाचा तिळपापड झाला. सहा वेळा देशातली सर्वांत कठीण परीक्षा दिलेल्या माणसाने लग्नाची पाकिटं लिहायची? किती खालची पातळी! म्हटलं, ठेवून जा, वेळ मिळाला तर बघेन.

१५ जून, दुपारी ३
मनजीत मेन्सच्या क्लासला गेलाय. खोली शांत.
पाकिटं एकशे चाळीस झाली. काल सकाळी बसलो, तो जेवायलाच उठलो. एकही ओळ वाकडी नाही. राउरकेला, सुंदरगड, कटक. माणसांना किती नातेवाईक असतात.
एकशे एक्केचाळीसावं नाव त्यांच्या कलेक्टर साहेबांचं. यादीत इप्सिताच्या बाबांनी कंसात बजावलंय, नावापुढे 'आय.ए.एस.' विसरू नये.
आधी रद्दी कागदावर लिहून पाहिलं. दोनदा. मग पाकिटावर लिहिलं.
तीनच अक्षरं. सुरेख आली.