पाठमोरा शॉट

प्रिय साहेब,

तुझं खरं नाव लिहून पाहिलं, पण ते कुणा दुसऱ्याच माणसाचं वाटलं, म्हणून खोडलं. आठ वर्षं तू त्या परदेशी मालिकेतल्या कारखानदाराला आवाज दिलास आणि मी त्याच्या बायकोला. स्टुडिओत कॅन्टीनवाल्यापासून मालकापर्यंत सगळे आपल्याला साहेब आणि बाईच म्हणायचे. आता इतक्या वर्षांनी नवी ओळख कुठे काढत बसू?

आधी एक गंमत सांगते. मागच्या आठवड्यात माझं कार्ड बँकेच्या मशीनमध्ये अडकलं. घरी येऊन बँकेला फोन लावला, तर पलीकडे मीच! तुला आठवतं ना, एका सकाळी मी त्यांच्यासाठी थोडी वाक्यं रेकॉर्ड केली होती आणि तू काचेपलीकडून माझ्या नकला करत होतास? तीच वाक्यं अजून चालू आहेत. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. कृपया थांबा.' मग सतारीचा एक तुकडा, मग पुन्हा मी, तितकीच गोड, तितकीच खोटी. मी फोन स्पीकरवर टाकला आणि कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या. सगळ्या घड्या झाल्या तरी मी मला थांबा म्हणतेच आहे. खरं सांगू? मला राग आला नाही. घरात कुणीतरी बोलतंय, एवढ्यानेच बरं वाटत होतं. शेवटी एक खरी मुलगी लाइनवर आली. माझी तक्रार ऐकून घेतली आणि म्हणाली, मॅडम, तुमचा आवाज फार ओळखीचा वाटतोय, आपण आधी बोललोय का? मी म्हटलं, नाही गं, आजकाल सगळ्यांचे आवाज सारखेच असतात.

आपल्या हिरॉइनबाईंची खबर ठेवतोस की नाही? चौथं लग्नही मोडलं. आता त्या चेहऱ्याच्या क्रीमच्या कंपनीच्या मालकीणबाई झाल्यात. कोट घालून मोठमोठ्या सभागृहांत यशावर भाषणं देतात. म्हणे, मी आयुष्यात कुणाचीच वाट पाहिली नाही. वाट कशी पाहतील, त्यांच्या वाटणीची वाट मी आठ वर्षं पाहिली की माईकसमोर! आणि ते ओठ! पाचव्या वर्षी त्यांनी ओठ जाड करून घेतले त्याचा त्रास त्यांना काही झाला नसेल, पण माझे 'प' आणि 'ब' त्यांच्या तोंडात बसेनासे झाले. 'बाबा' म्हणायचं असलं की त्यांचे ओठ मिटायलाच तयार नसायचे. तू म्हणायचास, बाई, तुम्ही पण भरून घ्या ओठ, जुळेल लगेच.

तुझे कारखानदार तर राजकारणात शिरलेत. परवा बातम्यांत भाषण करताना दिसले आणि मी त्यांचा स्वतःचा आवाज पहिल्यांदा नीट ऐकला, स्टुडिओत त्यावर कायम तूच असायचास. अरे, इतका किनरा! एवढा उंचापुरा माणूस आणि आवाज कसा, तर शाळेतल्या पहिल्या बाकावरच्या मुलासारखा. मला त्यांचा इतका राग आला की मी चॅनेलच बदललं. जणू त्यांनी तुझा आवाज कुठेतरी हरवला आणि आता काहीतरी सांगून वेळ मारून नेतायत.

एकटं राहिलं की असल्या बिनकामाच्या गोष्टींवर फार विचार होतो. माझ्याकडे काम तसं कमी झालंय. लिफ्टमध्ये मजले सांगते, दवाखान्यात नंबर पुकारते, पण तिथे जाऊन नाही, सगळं आधीच रेकॉर्ड केलेलं. शहरभर मी बोलत असते आणि घरी आल्यावर दिवसाकाठी जेमतेम चार वाक्यं होतात, तीही खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या मावशींशी. मावशी आपल्या मालिकेच्या निस्सीम भक्त. मालिका संपली त्या आठवड्यात जिन्यात मला अडवून म्हणाल्या होत्या, काय गं, शेवटच्या भागात तो आपल्या बायकोला एकदम 'बाई' का म्हणतो? आठ वर्षांत कधी म्हणाला नाही तो. मी हसले होते. म्हटलं, मावशी, मशीन चालू ठेवून टीव्ही बघता तुम्ही, दुसरं काय होणार? त्या बिचाऱ्या मान डोलावून खाली गेल्या.

आता मुद्द्याचं. ती मालिका पुन्हा येतेय. म्हणजे नवे भाग, पण त्यात ते दोघे कॉम्प्युटरने तरुण करून दाखवणार आहेत आणि आवाजही मशीनच बनवणार. त्यासाठी आपल्या सह्या हव्यात, हे तुला ठाऊकच आहे, कारण तू सही द्यायला नकार दिलास असं मला त्या कंपनीच्या पोराने सांगितलं. पोरगा म्हणजे तिशीचा साहेबच आहे, चकाचक, सभ्य. म्हणाला, मॅडम, त्या सरांना आम्ही किती समजावलं, पण म्हणतात, आवाज घशात असलेलाच बरा. ऐकून मला हसू आलं. तू ते कोणत्या सुरात म्हणाला असशील तेही ऐकू आलं.

मला तो म्हणाला, मॅडम, तुमचा आवाज अमर होईल. अमर व्हायला फक्त सही करायची आणि ओळखपत्राची झेरॉक्स जोडायची! मग त्याने लॅपटॉपवर एक वाक्य टाइप केलं आणि मशीन माझ्या आवाजात ते बोललं. 'मला तुझी आठवण येते.' हुबेहूब मी. पण काहीतरी चुकत होतं. माझ्या लक्षात आलं की ती बया श्वासच घेत नाही. मी त्याला तसं म्हटलं, तर म्हणाला, श्वासाची सोय आहे मॅडम, तीन प्रकार आहेत, कोणता लावू? मी म्हटलं, दमलेला लाव. त्याने लावला. आणि साहेब, आता ती मशीनबाई माझ्यापेक्षाही खरी वाटायला लागली. मी पाणी मागितलं.

त्याने पेपरकप आणून दिला आणि मला तुझा थर्मास आठवला. कोमट पाणी, दोन झाकणं, मोठं तुझं, लहान माझं. पहिली सहा वर्षं आपण एकाच माईकवर बोललो. मी लाकडी खोक्यावर उभी राहायची, तू थोडा वाकायचास, तरी तुझे ओळींचे कागद माझ्या कानाला लागायचे. आणि पाठमोरे शॉट! कारखानदाराने कॅमेऱ्याकडे पाठ केली की तुला ऊत यायचा. ओठच दिसत नाहीत म्हटल्यावर काहीही बोला, कोण पकडणार? तो खिडकीबाहेर बघत गंभीर उसासा टाकायचा आणि तू त्याच्याच आवाजात म्हणायचास, 'बाई, भूक लागली', 'बाई, मालकाने चेक दिला का?' मी फुटायची, टेक वाया जायचा, आणि आपला रेकॉर्डिस्ट कानसेन काचेपलीकडून ओरडायचा की तुम्हा दोघांना वेगवेगळं कोंडून घालीन एक दिवस.

आणि कोंडलंच की. नवं सॉफ्टवेअर आलं, प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा झाला. सकाळी मी यायची, दुपारी तू. मालक खूश, कारण कुणाच्या हसण्याने कुणाचा टेक वाया जाईना. तू नंतर बोलायचास, त्यामुळे तुझ्या कानात निदान माझी वाक्यं तरी असायची. माझ्या कानात त्या परदेशी कारखानदाराचा किनरा आवाजही नसायचा. नुसता बीप, आणि बीप संपला की मी रडायचं. शेवटची दोन वर्षं मी एका बीपवर प्रेम केलं. खोकं कुणीतरी काढून टाकलं होतं, कारण माईकच माझ्या उंचीला आणला होता.

परवा कंपनीच्या ऑफिसात त्यांनी आपले जुने ट्रॅक लावले. आवाज स्वच्छ आहे की नाही ते तपासायला. संगीत काढलेलं, गर्दी काढलेली, नुसते आपले आवाज. कानसेनलाही बोलावलं होतं, आता पुरता पांढरा झालाय. शेवटचा भाग लावला. कारखानदार घर सोडून निघतो तो प्रसंग. तो खिडकीशी पाठमोरा उभा राहतो, मूळ मालिकेत तिथे नुसती शांतता आहे, मला पाठ होतं ते. पण शांतता आलीच नाही. तुझा आवाज आला. हळू, त्याचा नाही, तुझा. 'बाई, नुसतं थांब म्हण. मी कुठे जात नाही.'

आणि लगेच त्यावर माझं वाक्य, सकाळीच रेकॉर्ड केलेलं, स्क्रिप्टमधलं. 'नीट जा. जाताना दार ओढून घे.'

तो पोरगा म्हणाला, वा, काय टायमिंग आहे तुम्हा दोघांचं! मी कानसेनकडे बघितलं. तो चष्मा पुसत होता. नंतर जिन्यात कानसेन म्हणाला, मी ते कापणार होतो गं, साहेबाने माझा हात धरला. म्हणाला, राहू दे, कुणाला कळणार नाही. ती बघेल.

साहेब, मी तो भाग बघितलाच नाही रे. आपल्या धंद्यातलं कोण बघतं स्वतःचं काम? आणि त्या संध्याकाळी तर मी टीव्हीची वायरच काढून ठेवली होती, कारण संपतंय ते मला बघायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला, तू विचारलंस, बघितलास का? तुला वाईट वाटायला नको म्हणून मी म्हटलं, हो, बघितला की, छान झालाय. तू म्हणालास, बरं, मग निघतो मी, आईकडे कुणीतरी हवंच आहे. आणि मला वाटलं, माणूस किती सहज जातो! सहा वर्षं मी तेच धरून बसले. तुझी आई गेल्याचं कळलं तेव्हाही मी 'काळजी घे' एवढंच कळवलं. तेही बँकेच्याच आवाजात.

घराघरांत बायकांनी ऐकलं, शिवणवाल्या मावशींनी मशीन चालू असताना ऐकलं, मीच तेवढी राहिले. काल मावशींकडे जाऊन म्हटलं, तुम्हाला बरोबर ऐकू आलं होतं, मीच ठार बहिरी. त्यांनी सुई दातांत धरली होती, ती काढली आणि म्हणाल्या, मग आता इथे काय करतेस? जा, कळव त्याला!

म्हणून हे पत्र. फोन केला असता, पण माझ्या आवाजावर माझाच भरवसा उरलेला नाही. त्याने आजवर जे जे म्हटलं ते कुणीतरी लिहून दिलेलं होतं. हे मात्र मला कुणी लिहून दिलेलं नाही. ती सही मीही करणार नाहीये. उद्या ती मशीनबाई कुणालाही काहीही म्हणेल, तीन प्रकारचे श्वास लावून. मी रोज हजारो अनोळखी लोकांना कृपया थांबा म्हणते आणि ज्याने मागितलं त्याला एकदाही म्हटलं नाही. आता ते म्हणून उपयोग नाही, तू कधीच निघून गेलास. तेव्हा दुसरं म्हणते. ये. तुझ्या मनात आता तसं काही नसलं तरी ये, पाणी पिऊन जा. असलं, तर थर्मास घेऊन ये. बेल बिघडलीय, दार जरा जोरात वाजव. आणि आत आलास की दार तू ओढू नकोस, मी ओढून घेईन.

तुझीच,
बाई