एकशे बेचाळीस मुद्द्यांची गाडी

२ जानेवारी, सकाळी ६.१०
आयुष्याला वळण मिळालं! लेकीचा फोन आला. ती वाळवंटापलीकडच्या हवामान केंद्रात काम करते. एकतीस मार्चला तिला तिथून समुद्रापार पाठवतायत, तब्बल दोन वर्षांसाठी. त्याआधी तिला भेटायलाच हवं. अंतर अडीच हजार किलोमीटर. विमानानं काय, कोणीही जाईल. आम्ही रस्त्यानं जाणार! वाळवंट ओलांडून!
बायको म्हणाली, चालेल की, आपली लाल गाडी आहेच. मी हसलो. पुष्कळ हसलो. ती गाडी भाजी आणायला ठीक आहे. वाळवंटाला फोर-बाय-फोर लागते, चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी. सेकंडहँड, पण अस्सल.
लिफ्ट इन्स्पेक्टर म्हणून एकतीस वर्षं नुसतं वर-खाली केलं. आता आडवं जायचं.

३ जानेवारी
ऑफिसात आज काम कमी होतं. दोन इमारतींतून लिफ्ट बंद असल्याचे फोन आले, पण लोकांना जिने आहेत. तेवढ्यात गाडी तपासायची यादी केली. मुद्दे ३८. आमच्या खात्याचा नियम इथेही लागू: एका जरी मुद्द्यापुढे फुली पडली, तरी पास नाही. मी पास केलेली लिफ्ट आजवर पडलेली नाही. काही चालूच झाल्या नाहीत, ती गोष्ट वेगळी.

९ जानेवारी
मुद्दे ९१. रविवारभर व्हिडिओ पाहिले, अकरा तास. आता मी या विषयातला जवळजवळ तज्ज्ञ आहे. जेवताना बायकोला अ‍ॅप्रोच अँगल, म्हणजे नाक न घासता गाडी किती उभा चढ चढते ते, समजावून सांगितला, ताट कलतं धरून. आमटी सांडली, पण मुद्दा पोहोचला.
बायको फिजिओथेरपिस्ट आहे. तिनं दवाखान्यात पाच मार्चपासून रजा टाकली. निघायचं नक्की ना, असं विचारलं. पाच म्हणजे पाच, म्हटलं. काळ्या दगडावरची रेघ.

१७ जानेवारी
पहिली गाडी. एका दंतवैद्याची, पांढरी. बायकोनं सोबत गॅरेजवाला मिस्त्री दिला होता. त्यानं गाडीखाली जाऊन पाहिलं, इंजिन ऐकलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, साहेब, डोळे मिटून घ्या, अशी परत मिळणार नाही.
डोळे मिटून! म्हणूनच जगात अपघात होतात.
मुद्दा ६३: बॉनेटच्या कडेच्या रबराला चीर. फुली. मिस्त्री म्हणाला, ते रबर मी चहा थंड व्हायच्या आत बदलून देतो. मी म्हणालो, नियम म्हणजे नियम. दंतवैद्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी नकळत तोंड मिटलं.

२५ जानेवारी
भूगोलाच्या एका बाईंची गाडी. चार वाळवंटं फिरून आलेली, म्हणे. मुद्दा ८८: मागचं दार किरकिरतं. फुली. बाईंनी विचारलं, तुम्ही किती वाळवंटं पाहिलीत? मी म्हणालो, माझा अभ्यास आहे. त्यांनी दार धाडकन लावलं. किर्र वाजलंच. म्हणजे मी बरोबर होतो.

११ फेब्रुवारी
आतापर्यंत अकरा गाड्या पाहिल्या, अकराही नापास. डोळ्यांत धूळ फेकायला आलेल्या सगळ्यांना मी पुरून उरलो. दरम्यान शरीरही तयार करायला हवं. आजपासून रोज हॉलमध्ये तंबूत झोपणार.

१२ फेब्रुवारी
कंबर धरली. बायकोनं दोनदा शेक दिला. दाबताना जरा जोरात दाबलं. आजपासून पलंगावर झोपणार. शक्ती प्रवासासाठी राखून ठेवायची.

१९ फेब्रुवारी
मुद्दे १४२. बायको म्हणाली, कमी नाही का करता येणार? चौदा दिवस राहिलेत, लेक रोज विचारते. मी तिला समजावलं की सगळं वेळापत्रकात बसवलंय. वेळापत्रक उद्या करणार.
दंतवैद्याची पांढरी विकली गेली. घेणारा पस्तावेल. ते रबर.

२७ फेब्रुवारी, दुपारी ३.४०
सापडली! सापडली! हिरवी! मालक जमीन मोजणीतून निवृत्त झालेले एक आजोबा. तीन तास तपासली. १४१ मुद्द्यांपुढे बरोबरच्या खुणा! हात थरथरत होता. मिस्त्रीचाही थरथरत होता, त्यानं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.
उरला एकच मुद्दा. लोड टेस्ट.
लिफ्टमध्ये सव्वापट वजन भरल्याशिवाय आम्ही कागद पुढे सरकवत नाही. गाडीची क्षमता पाचशे किलो. सव्वापट म्हणजे सव्वासहाशे. समोर बांधकाम चालू होतं, तिथून वाळूची पंचवीस किलोची पंचवीस पोती आणवली. मिस्त्री ओरडत होता की साहेब, ही लिफ्ट नाही. मालक म्हणाले, त्यांना करू द्या, त्यांचं समाधान होऊ द्या. भला माणूस.
पोती भरली. गाडी खाली बसली, पण टिकली! मग, लिफ्टमध्ये करतो तसं, वर चढून उड्या मारल्या. नियमाप्रमाणे तीन. दुसरीला खालून कडाड आवाज आला.

२७ फेब्रुवारी, सायंकाळी ६
मागचे दोन्ही पाटे मोडले. पाटे म्हणजे चाकांवर गाडी तोलून धरणाऱ्या लोखंडी पट्ट्या. मालक वाकून गाडीखाली बघून आले आणि म्हणाले, अभिनंदन, गाडी तुमची झाली. मिस्त्री म्हणाला, याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.
मी याकडे वेगळ्या दृष्टीनं पाहतो. दोष उघडा पडला. वाळवंटाच्या मधोमध पडला असता तर? शिवाय निर्णय झाला! गाडी घेतली! दुसऱ्या गाडीला बांधून घरी आणली. शेजारी गॅलऱ्यांत उभे राहून पाहत होते. मी हात हलवला.

२ मार्च
मिस्त्री म्हणतो, या मॉडेलचे पाटे इथे मिळत नाहीत, मागवावे लागतील, तीन आठवडे. बायको म्हणाली, मग लाल गाडीनं जाऊ. मी तिला नाराज केलं नाही. लाल गाडी रीतसर तपासली. १४२ पैकी ११७ फुल्या. यादी तिच्या हातात दिली. तिनं त्या कागदांत गाडीचे दिवे पुसायची फडकी गुंडाळली.

५ मार्च, सकाळी ५.३०
बायको निघाली. लाल गाडीतून. सोबत थोरली मेहुणी, जिला रस्ता विचारायलाही लाज वाटत नाही. बायकोनं मला तीनदा म्हटलं, चला ना, लेक वाट बघतेय. तिसऱ्यांदा तिचा आवाज बदलला होता. मी म्हणालो, नापास गाडीत मी बसू शकत नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे. मेहुणी म्हणाली, बरं झालं, मला मागे पाय पसरता येतील.
उद्या दुपारपर्यंत परत येतील. दोघींसाठी जेवण करून ठेवणार. रागावणार नाही, असा संकल्प.

६ मार्च
आल्या नाहीत. दोघींचं जेवण मी जेवलो.

८ मार्च
फोन आला. वाळवंटात आहेत. मी विचारलं, वाळूत रुतू नये म्हणून टायरमधली हवा किती कमी केली? बायको म्हणाली, कशाला, रस्ता डांबरी आहे. मधोमध पांढरी रेघसुद्धा आहे. मी म्हणालो, खरं वाळवंट पुढे लागेल. मागून मेहुणी हसली.

१० मार्च
पोहोचल्या. लेकीनं फोटो पाठवला. तिघी लाल गाडीला टेकून उभ्या. लेक बारीक झाल्यासारखी वाटली. फोटो मोठा करून पाहिला, नीट कळलं नाही. तिनं विचारलं म्हणे, बाबा कुठेत? बायकोनं सांगितलं, त्यांची तपासणी चालू आहे.
फोटोत गाडीचा डावा आरसा सैल दिसतो. मी कळवलं नाही.

१५ मार्च
हिरव्या गाडीत बसून सराव केला. ती विटांवर उभी आहे, तरी स्टिअरिंग छान फिरतं. तासभर बसलो. शेजारची सीट रिकामी होती. घर भलतंच शांत आहे. बायकोनं चष्म्याची जुनी डबी टेबलावरच ठेवलीय, ती मी हलवली नाही.

२४ मार्च
पाटे आले! दुसऱ्याच मॉडेलचे. मिस्त्री म्हणाला, आता एप्रिलात बघू. मी म्हणालो, एप्रिलात लेक इथे नसेल. हे मोठ्यानं म्हटल्यावर मला खाली बसावं लागलं. मिस्त्रीनं पाणी दिलं आणि सांगितलं की सकाळी सातची बस आहे, दोन दिवसांत पोहोचवते. मी विचारलं, कधीपासून सुरू झाली? म्हणाला, मी लहान होतो तेव्हापासून.
वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. पण जाणार! उद्याच!

२५ मार्च, सकाळी ६.५०
बस स्टँड. बसची तपासणी सुरू केली. सातव्या मुद्द्याला कंडक्टरनं माझी बॅग उचलून आत ठेवली आणि विचारलं, काका, कुणाला भेटायला चाललात? मी म्हणालो, लेकीला. तो म्हणाला, मग चढा.

२७ मार्च
पोहोचलो. वाळवंट पाहायचं राहिलं. झोप लागली होती, कंडक्टरनं उठवलं तेव्हा ते संपलं होतं.
लेक स्टॉपवर उभी होती. खरंच बारीक झालीय. रस्ताभर मनात भाषण जुळवलं होतं, प्रवासाचे धोके, पाट्यांचं पोलाद वगैरे. तिला पाहिल्यावर त्यातलं काही आठवलं नाही, नुसतं रडू आलं. ती पाठीवर हात फिरवत राहिली. बायको म्हणाली, जेवलात का?
चौघं लाल गाडीनं लेकीच्या घरी आलो. मी मागे बसलो, मेहुणीच्या पिशव्यांशेजारी. एकशे बेचाळीसातला एकही मुद्दा आठवला नाही.
तिच्या आईला एकवीस दिवस मिळाले, मला चार. त्यातला आजचा संपत आलाय.