पाचवी कॅप

सोमवार, ३ जून
निर्णय पक्का. गाडीचं इंजिन मी स्वतः उघडणार. बायकोला गावाबाहेरच्या हॉस्पिटलात हेड नर्सची नोकरी लागलीय, सतरा तारखेला रुजू व्हायचंय, आणि तिकडे बस जात नाही. ती म्हणाली, मेकॅनिककडे टाकूया. म्हटलं, घरात जाणकार माणूस असताना? तिने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

बुधवार, ५ जून
इंजिन जेवणाच्या टेबलावर. उजेड तिथेच बरा. आई ताट मांडीवर घेऊन जेवली. तिलाही गोडी लागलेली दिसते, एकसारखी इंजिनाकडेच बघत होती.

शनिवार, ८ जून
इंजिनाच्या पोटात क्रँक नावाचा जाडजूड दांडा फिरतो. त्याला पाच लोखंडी कॅपा धरून ठेवतात. कॅपांवर कोणीतरी एक ते पाच आकडे ठोकलेले, अगदी गचाळ. दिवसभर कानस मारून साफ केले. आता पाचही कॅपा एकसारख्या, चकचकीत. कंपनीला एवढंही सुचू नये म्हणजे कमाल आहे.

मंगळवार, ११ जून
मेहुणा आला होता. टेम्पो चालवतो, म्हणून स्वतःला इंजिनिअर समजतो. म्हणाला, दाजी, ज्या जागेची कॅप त्याच जागी बसते, आकडे त्यासाठीच होते. आता जबरदस्ती करू नका, सगळं जाम होईल. बायकोच्या माहेरच्यांना माझं चांगलं बघवत नाही.

गुरुवार, १३ जून
चार बसल्या. पाचवी नखरे करत होती. हातोडा घातला, मग पान्याला लांब पाईप लावून त्यावर लटकलो. कट् असा छान आवाज आला. बोल्ट जरा आखूड झालाय, पण कॅप गप्प बसली. आईलाही लटकायला बोलावलं होतं. तिची पाठ धरलीय म्हणे.

शनिवार, १५ जून
इंजिन गाडीत चढवलं. क्रँक हलत नाही. याचाच अर्थ फिटिंग घट्ट आहे. नवा बूटही आधी चावतोच. चार पावलं चालवली की मोकळं होईल. बायको विचारत होती, परवा नक्की ना? शब्द दिलाय.

रविवार, १६ जून
टेम्पोला दोर बांधून गाडी गिअरमध्ये ओढली. पुढची चाकं फिरेनात, नुसतीच घसरत गेली. गल्लीभर काळे पट्टे. मेहुणा म्हणाला, थांबूया. म्हटलं, अजून जोरात. मग इंजिन फिरलं. एकदा. नंतर खालून लोखंडाचा तुकडा बाहेर पडला आणि त्यामागे सगळं तेल. तरी फिरलं होतं, हे मेहुणा कबूल करत नाही.

सोमवार, १७ जून
बायको टेम्पोतून कामाला गेली. हॉस्पिटलच्या आवारात तिने क्वार्टर घेतलंय, आता तिथेच राहणार. रागावली असती तर समजूत काढली असती, पण ती शांतच होती. गाडी झाली की न्यायला येतो, म्हटलं. म्हणाली, घाई करू नकोस.
बॅगा दोन होत्या. एकटीला एवढं सामान कशाला, म्हणून विचारलं, तर दुसरी आईची निघाली. आई पुढच्या सीटवर आधीच जाऊन बसली होती.
आता घरात मी एकटाच. करमत नाही.