चौथ्या मजल्यावरून खाली

१५ जून
—डोकं तिसऱ्या पायरीवर आपटलं.
"सर, अंग सैल सोडा! काहून ताठ होऊन राहिले?" पार्वतीबाई खालच्या पायरीवरून ओरडल्या. मी चादरीवर उताणा, डोकं त्यांच्या हातांवर, पाय वर. माझी बायको नंदिनी फोन धरून उभी. फोनमध्ये रोशनी. इस्रायलमधल्या एका स्वयंपाकघरातून ती आपल्या बापाला बेसाच्या आमच्या इमारतीच्या जिन्यावरून ओढलं जाताना बघत होती. हसली. युद्ध सुरू झाल्यापासून तीन दिवसांत पहिल्यांदा.

पार्वतीबाई समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात आया होत्या. लिफ्ट बंद पडली की पेशंट असेच उतरवायच्या. एकट्या.

रोशनी ज्यांना सांभाळते त्या आजी एक्याण्णव वर्षांच्या, अंथरुणाला खिळलेल्या. चौथा मजला. क्षेपणास्त्रांचा सायरन वाजला की लिफ्ट बंद. दीड मिनिटात तळघर गाठायचं. आतापर्यंत रोशनी वरच थांबली, आजींचा हात धरून. हे तिनं काल कबूल केलं.

मी म्हणालो, भारतात परतणाऱ्यांत नाव नोंदव. ती म्हणाली, "आणि आजी?"
म्हणून चादर.

१६ जून
सायरन नसताना रोशनीचा आजींना घेऊन सराव. तीन मिनिटं दहा सेकंद. आजी त्यांच्या भाषेत शिव्या देत होत्या म्हणे.
"शिव्या देऊन राहिली म्हणजे श्वास चालू हाय," पार्वतीबाई. "वळणावर कंबर वाकव वं पोरी, पाठ नाही."

१७ जून
टीव्हीवर तेहरान. एक इमारत अर्धी उघडी. वरच्या खोलीत पलंग तसाच.
"तिकडच्या म्हाताऱ्याईले कोण ओढत असन?" पार्वतीबाईंनी विचारलं. नंदिनीनं टीव्ही बंद केला.

१८ जून
दुपारी खरा सायरन. दोन मिनिटं दहा. स्फोट लांब झाला म्हणून निभावलं.
वरचे चाळीस सेकंद जातात कुठे? सगळं पुन्हा विचारून घेतलं. रोशनी अडखळत म्हणाली, "आधी तुम्हाला फोन लावते ना, बाबा."
मीच सांगितलं होतं! आमच्या घराची रीतच ती—निघताना फोन, पोचल्यावर फोन. बर्डीच्या बाजारात गेली तरी.
"सर, तुमी काय इथून धरनार हाय का त्या बुढीले?" पार्वतीबाई.
मग सांगितलं: सायरन वाजला की फोन करायचा नाही. खाली पोचल्यावरही नाही. आधी आजींचं बघायचं.
"मग तुम्हाला कळणार कसं?"
"नाही कळणार."
नंदिनी आत निघून गेली. मी शब्द मागे घेतला नाही.

१९ जून
सकाळी फोनवर सराव: एक मिनिट अठ्ठावीस! पार्वतीबाईंनी टाळी वाजवली. त्यानंतर दिवसभर फोन नाही. बातम्या लावल्या नाहीत. दोघं जेवलो.

२० जून, सकाळ
पावणेसातला रोशनीचा मेसेज. जसाच्या तसा उतरवतो.
"दोघी तळघरात आहोत. चौथा मजला राहिला नाही. तिसराही. तिसऱ्यावरचे नवरा-बायको रोजच्या सायरनला कंटाळून वरच झोपायचे. उतरताना त्यांचं दार वाजवलं नाही, बाबा. वेळ नव्हता."